बाकी मालकाकडं

जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यानं मुख्याध्यापकी केली, तो दरपत्रकाला भीत नाही. फळा घ्यायचा असो, पोषण आहाराचं पातेलं असो की खडूचे खोके, किमान तीन दरपत्रकं मागवायची, आखीव तावावर तुलनात्मक तक्ता मारायचा, न्यूनतम दराखाली लाल शाईची रेघ ओढायची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्यायची. तिन्ही दरपत्रकांवरचं अक्षर एकाच हाताचं वाटलं तर पुसायला म्हणून चष्मा काढून ठेवायचा. शासनानं १ डिसेंबर २०१६ ला खरेदीच्या कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका काढली, तीही मी अथपासून इतिपर्यंत वाचलेली. त्यामुळं घरातला जिना बदलायचं ठरलं तेव्हा मला टेन्शन आलं नाही. उलट निवृत्तीनंतर अंगात भरलेली मरगळ गेली. कपाटातून आखीव ताव काढला, पट्टी काढली, लाल पेन चालतो का ते पाहिलं.

आमचं पालम म्हणजे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गंगाखेडहून लोह्याकडं जाताना लागतं. घर मूळचं माळवदाचं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, लाकडी खांब, तुळया, वर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडं असलीच घरं झोपलेल्या माणसांच्या अंगावर बसली. आमच्याकडं फडताळातली भांडी वाजली, तेवढंच. पण त्यानंतर माळवदाखाली झोपायला घरातलं कोणी तयार होईना. वडिलांनी माती उतरवली, भिंती विटांच्या केल्या, स्लॅब टाकला आणि पैसे बरोबर जिन्यापाशी येऊन संपले. मग आजोबांनी निजामाच्या अमदानीत करून घेतलेला सागवानी जिनाच नव्या घराला ‘तात्पुरता’ म्हणून लावला. त्याला तीस वर्षं होऊन गेली. जिना अजून तात्पुरताच आहे.

अकरा फुटांची उंची हा जिना चौदा पावलांत संपवतो. म्हणजे पायरी साडेनऊ इंच उंच आणि जेमतेम सात इंच रुंद. चढताना गुडघा छातीला लागतो, उतरताना तोंड भिंतीकडं करून उतरावं लागतं. कठडा नाही, वरच्या तुळईला बांधलेला एक सुंभाचा दोर लोंबतो, तो धरायचा. वर झडप आहे, ती डोक्यानं उचलायची. चोराचिलटांना वर येता येऊ नये म्हणून आजोबांनी ही रचना केली, असं सांगतात. ती यशस्वी झाली हे मान्य करायला पाहिजे; आजवर एकही चोर वर गेलेला नाही. घरचेही फारसे जात नाहीत. राष्ट्रीय इमारत संहिता घरगुती जिन्याच्या पायरीला जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंची आणि कमीत कमी २५० मिलिमीटर रुंदी सांगते. आमच्या जिन्यानं दोन्ही आकड्यांची अदलाबदल केलेली दिसते.

आता आईचं वय झालं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायला तिला स्वतःलाच जायचं असतं, कारण सुनेच्या हातच्या कुरडया तिच्या मते ‘पसरतेत’. हिचं म्हणणं असं की पसरतात त्या कुरडया नव्हेत, सासूबाईंचं लक्ष. या वादात न पडता जिना बदलणं हा मला सोपा मार्ग वाटला.

पहिल्यांदा मिस्त्री आला. चांगला जाणता माणूस, गावातले निम्मे स्लॅब त्याच्या हातचे. त्यानं टेप लावायच्या आधी आईला विचारलं, “आजी, किती उंचीची पायरी चालंल तुमाला?”

आईनं तोंडी उत्तर दिलं नाही. अंगणातून दोन विटा आणल्या, आडव्या एकीवर एक ठेवल्या, पदर खोचला, भिंतीला तळहात टेकवला आणि चढून दाखवलं. खाली उतरली. मिस्त्रीनं वर तिसरी वीट ठेवली. आईनं पाय उचलला, गुडघ्यात बारीक कट्‌ असा आवाज झाला, पाय परत जमिनीवर आला. तिसरी वीट तिनं पायानंच बाजूला सारली. मग मिस्त्रीनं शहाबादी फरशीचा एक तुकडा शोधला, दोन विटांवर ठेवला. आई चढली, वर क्षणभर उभी राहिली, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाली, “हितपर्यंत चालंल.”

मिस्त्रीनं टेप लावला. सात इंच.

“म्हंजे सात-दहाचा जिना,” तो म्हणाला. “सात उंची, दहा रुंदी. माझ्या बापाचंबी हेच माप होतं.”

मी गणित शिकवलेला माणूस. मला हे बापाचं माप कुठून आलं याची चुटपुट लागली. शोधलं तर सापडलं. फ्रान्सच्या राजानं १६७१ साली वास्तुकलेची अकादमी काढली, तिचा पहिला संचालक फ्रांस्वा ब्लाँदेल. माणसाचं पाऊल दोन फुटांचं, चढताना ते आखडतं, म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी मिळून चोवीस इंच भरले पाहिजेत, असा नियम त्यानं घालून दिला. त्याचा इंच आपल्यापेक्षा किंचित मोठा होता, पण हिशेब तोच. सात दुणे चौदा, अधिक दहा, चोवीस. जगात जर्मनी भारतात परभणी असं आम्ही म्हणतच होतो. फ्रान्स तेवढं राहिलं होतं.

अकरा फुटांना सात इंचांच्या पायऱ्या एकोणीस बसतात. इथं मिस्त्रीचा चेहरा खुलला. जिन्याच्या पायऱ्या विषम पाहिजेत हे कोणीही सांगतं, पण त्याच्याकडं त्याच्याही पुढचं शास्त्र होतं. इंद्र, यम, राजा असं म्हणत पायऱ्या मोजायच्या आणि शेवटची यमावर येऊ द्यायची नाही. सतरा विषम असल्या तरी यमावर येतात, वीस तर सरळ यमावरच. एकोणीस इंद्रावर. “गुरुजी, तुमच्या आजोबाच्या चौदा मोजा बरं,” तो हळूच म्हणाला. मी मोजल्या. यम. आई आतून म्हणाली, “मी तवाच म्हणत हुते.” कधी म्हणत होती ते मात्र कोणाला आठवलं नाही.

आता भाव. मी आखीव ताव पुढं केला, पेन पुढं केला. मिस्त्रीनं दोन्हीकडं दुर्लक्ष केलं, विटेचा तुकडा उचलला आणि जिन्याशेजारच्या भिंतीवर लिहिलं: ‘पा. ११००, लँ. ३ पा.’ म्हणजे पायरीला अकराशे रुपये मजुरी, आणि मध्ये वळणावरचं लँडिंग तीन पायऱ्या धरायचं. एकूण बावीस पायऱ्या. चोवीस हजार दोनशे.

“एवढ्यात जिना?” मी हरखलो.

“एवढ्यात जिना,” तो म्हणाला. “मटेरियल मालकाकडं.”

दुसरा आला वेल्डर. हा माझा विद्यार्थी, सातवी ब, शेवटचा बाक. तेराच्या पाढ्यासाठी याला मी अंगठे धरून उभं केलेलं आहे. आल्या आल्या पाया पडला आणि पाया पडून उठता उठताच त्यानं भिंत वाचली. नियमपुस्तिकेत लखोटे सीलबंद असावेत असं म्हटलंय; भिंतीला लखोटा कसा घालायचा ते दिलेलं नाही. त्यानं काढलेलं दरपत्रक किलोवर होतं. दोन्ही बाजूंना सी चॅनेल, पायरीला चेकर पत्रा, किलोला एकशे पस्तीस, सगळं मिळून साडेचारशे किलो. साठ हजार सातशे पन्नास. ही बेरीज-गुणाकार त्यानं वरच्या स्लॅबकडं बघत केली, मी अजून पेनाचं टोपण काढत होतो.

“लेका, तेराचा पाढा येत नव्हता तुला.”

“गुरुजी, तवा त्याच्यात पैसे नव्हते.”

साडेचारशे किलो कशावरून, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते अंदाजानं. खरं वजन काट्यावर. जिना घरात, काटा गंगाखेड रस्त्याला. जिना भिंतीला जोडायच्या आधी त्याचे तुकडे मोजायचे म्हटलं तर कापून उरलेले तुकडेही त्यात मोजले जाणार. ते उरलेले तुकडे कोणाचे, हा माझा प्रश्न त्याला आवडला नसावा. “तुमच्याकडून काय जास्तीचं घ्यायलो का मी?” असं म्हणून त्यानं परत एकदा पायाला हात लावला. ज्यानं दोनदा पाया पडून भाव सांगितला त्याच्याशी घासाघीस कशी करायची, हे डीएडला शिकवत नाहीत. रंग? “रेडऑक्साइड मी मारतो. वरचा ऑइलपेंट मालकाकडं.” कठडा? “रनिंग फुटावर. येगळा.”

तिसरे सुतारमामा. हे आले, बसले, पाणी प्याले, आणि तासभर नव्या जिन्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जुन्या जिन्याच्या फळीवर नखानं ओरखडा काढला, वास घेतला, बोटाच्या पेरानं ठोकून ऐकलं. प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली, कडेला मात्र कालची वाटावी अशी. “अस्सल सागवान हाय,” ते म्हणाले. “असं लाकूड आता बघायलाबी मिळत न्हाई.” मग भिंतीवरचे दोन्ही आकडे त्यांनी तुच्छतेनं वाचले आणि म्हणाले, तीस हजार. लाकडाचा नवा जिना, लँडिंगसकट, तीस हजार. मी तीनदा विचारून घेतलं. तीसच.

लाल पेन उचलणार, तेवढ्यात ते म्हणाले, “जुना जिना मी नेतो. नवं लाकूड मालकाकडं.”

रात्री तक्ता करायला बसलो. एक दर पायरीवर, एक किलोवर, एक जुन्या लाकडासकट. चोवीस हजार, साठ हजार, तीस हजार. आकडे एकाखाली एक लिहिले तर दिसायला सुंदर दिसत होते, पण त्यांची तुलना करणं म्हणजे मराठी, भूगोल आणि कवायत यांच्या गुणांवरून वर्गात पहिला कोण ते ठरवणं. मग मी शेवटी ‘मालकाकडं’ असा एक रकाना आखला आणि त्यात जे जे माझ्याकडं आलं होतं ते लिहीत गेलो. सिमेंट, लोखंड, खडी, वाळू, सेंट्रिंगच्या फळ्या, पाणी, लाईट, जुना जिना उतरवणं, राडारोडा उचलणं, ग्रॅनाइट, ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग, कठडा, ऑइलपेंट, दोन वेळचा चहा. रकाना पानाखाली गेला. ताव उलटा केला.

आणि त्यातली सगळ्यात मोठी बाब तर कोणी उच्चारलीच नव्हती. जुना जिना उभाच्या उभा, म्हणून त्याच्यासाठी स्लॅबला ठेवलेलं भोक लहान. दोन टप्प्यांचा नवा जिना वर काढायचा तर स्लॅब फोडून ते भोक दुपटीनं वाढवायला लागणार. हे तिघांनाही माहीत होतं. तिघांनीही वर बघितलं होतं. तिघंही काही बोलले नव्हते.

वाळूचं मी स्वतः बघतो म्हणालो होतो. २०२३ साली शासनानं सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण काढलं तेव्हाचं कात्रण माझ्याकडं जपून ठेवलेलं आहे. ते मी एका ट्रॅक्टरवाल्याला दाखवलं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, कात्रण पूर्ण वाचलं, घडी नीट घातली, माझ्या हातात दिलं आणि मग हसला. गोदावरी आमच्या तालुक्यातून जाते, मधे जांभूळबेटासारखं बेट करून जाते, लोक नावेत बसून बघायला येतात. पण तिची वाळू दारात यायची म्हटलं की अंधार पडावा लागतो, आणि अंधाराचा दर कोणत्याच शासन निर्णयात नाही. शेवटी क्रश सँड घ्यायची ठरली. ती उजेडात येते आणि तिची पावती असते.

पावतीवरून आठवलं. पक्कं बिल की कच्चं, हा प्रश्न प्रत्येक दुकानात इतक्या आदरानं विचारतात की उत्तर देताना आपणच चोरटे होतो. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, ही बातमीही मी दुकानदाराला दाखवली होती. तो ट्रॅक्टरवाल्याइतका हसला नाही.

दरम्यान पुण्याहून चिरंजीवांचा फोन. त्यांना गावठी दरपत्रकं पसंत नव्हती. त्यांनी नांदेडच्या एका इंटिरियरवाल्याला सांगितलं आणि त्याचं दरपत्रक व्हॉट्‌सअ‍ॅपवर आलं, रंगीत, नऊ पानी. भिंतीतून एकेक लाकडी फळी बाहेर आलेली, खाली काही आधार नाही, बाजूला काच. जिन्यावर एक परदेशी बाई अनवाणी उभी, तिच्या पायाशी पांढरं कुत्रं. दोन लाख पंच्याऐंशी हजार, अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख छत्तीस हजार तीनशे. आईनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हिच्या हातात काहीच न्हाई की,” ती म्हणाली. “कुरडयाची पाटी घेऊन चढ म्हणावं.” मग फळ्यांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “हितून लुगडं अडकतंय.” हिनं दुसरा मुद्दा काढला, जिन्याखाली सोयाबीनची पोती कुठं ठेवायची? फोटोतल्या बाईकडं सोयाबीन नसावं. काचेचं काय, असं मी त्या इंटिरियरवाल्याला फोनवर विचारलं. तो नम्रपणे म्हणाला, “सर, ग्लास ऑप्शनल आहे. क्लायंट स्कोप.” इंग्रजीत का होईना, तेही मालकाकडंच.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची. प्रश्न पहिला: एकोणीस पायऱ्या, सात-दहा, रुंदी तीन फूट, मध्ये लँडिंग, सामान, मजुरी, सगळ्यासकट किती? प्रश्न दुसरा: स्लॅब कोण फोडणार? प्रश्न तिसरा: जुन्या लाकडाचे किती वजा करणार? प्रश्न चौथा: कठडा धरून सांगा. प्रश्न पाचवा: काम सुरू कधी, संपणार कधी? सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. झेरॉक्स काढून तिघांना दिल्या. सुतारमामांनी ती चार घड्या घालून टोपीत ठेवली. वेल्डरनं विचारलं, “गुरुजी, किती मार्काचा पेपर हाय?” मिस्त्रीनं झेरॉक्स उलटी केली, कोऱ्या बाजूवर कोणाचा तरी फोन नंबर लिहिला आणि खिशात घातली.

उत्तरं आली ती भिंतीवरच आली. पण आली.

आणि इथं भिंतीचा खरा फायदा कळला. मिस्त्रीनं लिहिलं होतं, लोखंड दोन क्विंटल. ते वेल्डरनं वाचलं. “बाराची सळई लावायलेत ना? बाराचा वर्ग भागिले एकशे बासष्ट. मीटरला आठशे ग्रॅमच्या वर, नऊशेच्या आत. अख्खी सळई धरा साडेदहा किलो. तुमच्या जिन्याला सव्वा क्विंटलच्या वर कामून लागंल?” मी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री गंभीर झाला. “गुरुजी,” तो म्हणाला, “त्र्याण्णवचा भूकंप इसरलात का?” त्या एका वाक्यानं त्यानं पाऊण क्विंटल लोखंड उभं केलं. जालन्याच्या कारखान्यात सळई तयार होते ती जेवढ्या उष्णतेवर, त्यापेक्षा या वाक्यात जास्त धग होती. पण मी मास्तर होतो. दीड क्विंटलवर तोडलं. भूकंपाचे पंचवीस किलो मान्य केले.

मिस्त्रीनं मग वेल्डरच्या चेकर पत्र्याला हात घातला. पत्रा पाच एमएमचा सांगितलाय, येतो कितीचा ते कॅलिपर लावून बघा म्हणाला. सुतारमामांनी दोघांनाही मोडीत काढलं, आणि दोघांनी मिळून सुतारमामांचं नवं लाकूड बाभळीचं निघणार हे मला सांगितलं. पैसे न देता एवढी कसून तपासणी मला शिक्षणाधिकारी कार्यालयातूनही कधी मिळाली नव्हती. ज्याला कोणाला घरकामाचा अंदाज तपासून घ्यायचा असेल त्यानं इंजिनिअर शोधत बसू नये. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी लिहून ठेवावा आणि आपण चहा सांगायला आत जावं.

सगळं धरून मिस्त्री एक लाख अडतीस हजारांवर आला, वेल्डर एक लाख एकवीसवर, सुतारमामा एक लाख चौसष्टवर. नांदेडवाल्यानं प्रश्नपत्रिकेला उत्तर म्हणून आणखी एक फोटो पाठवला. त्यात कुत्रं नव्हतं.

नियमपुस्तिकेप्रमाणं वेल्डर न्यूनतम. लाल रेघ मी त्याच्याच नावाखाली ओढली होती. पण दरपत्रक उघडण्याच्या वेळी समिती हजर असावी लागते, आणि आमच्या घरात समिती दोन बायकांची आहे. आई म्हणाली, लोखंडी जिन्यावर मांजर चढलं तरी गल्लीला कळतं. दुपारी डोळा लागणार नाही. ही म्हणाली, त्या पत्र्याखाली पोती ठेवली तर चढणाऱ्याच्या चपलेची धूळ सगळी दाण्यात. शिवाय पक्क्या जिन्याखाली कपाट होतं, आणि कपाटाला दार लागतं, आणि दाराला कुलूप लागतं. या विषयावर सासू-सुनेचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिथं सतरा हजारांचा फरक काय टिकणार!

राहिला प्रश्न ज्यांचं काम गेलं त्यांचा. शहरात दरपत्रक नाकारलं की माणूस दिसेनासा होतो. पालममध्ये तो दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात मेथीच्या ढिगापाशी शेजारी उभा असतो. वेल्डरला मी काय तोंड दाखवणार? तेव्हा कठडा त्याच्याकडं दिला, रनिंग फुटावर, ऑइलपेंटसकट, हे लिहून घेतलं. कठड्यावरचा हाताला लागणारा लाकडी दांडा सुतारमामांनी करायचा, आजोबांच्याच सागवानातून. उरलेल्या लाकडाचे मामांनी पैसे वजा करायला नकार दिला, मी लाकूड द्यायला नकार दिला, आणि आईनं मधे पडून त्याचे चार पाट करायला सांगितले. पाटाची मजुरी मामा घेत नाहीत. तक्त्यात ही बाब कुठल्या रकान्यात घालायची हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून ती समासात लिहून ठेवली आहे.

काम दसऱ्याच्या आत उरकायचं ठरलंय. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरांनी ऊसतोडीची उचल घेतलेली आहे. दसरा झाला की ती कोयता घेऊन कारखान्याला जातील ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततील. तोवर अर्धा जिना कोणी पुरा करणार नाही, आणि फोडलेल्या स्लॅबातून आम्ही नुसतं आभाळ बघत बसू. स्लॅब फोडायचं मिस्त्रीनं अंगावर घेतलं, पण राडारोडा गावाबाहेर न्यायचं शेवटपर्यंत घेतलं नाही. ती बाब चर्चेअंती निम्मी-निम्मी झाली: तो भरणार, मी टाकायला जागा शोधणार.

करारनामा आखीव तावावर झाला. खाली मिस्त्रीची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून वेल्डर. मिस्त्रीनं शेवटी एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली, पाणी मारण्याची. हल्ली पोत्यातून येतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्र. त्याच्या काँक्रीटला भारतीय मानकाप्रमाणं किमान दहा दिवस ओलावा धरावा लागतो. एकोणीस पायऱ्या आणि लँडिंग, गोणपाट अंथरून, सकाळ-संध्याकाळ, बादलीनं. त्या ओळीपुढं दराच्या रकान्यात आकडा नाही. तिथं त्यानं लिहिलंय, ‘गुरुजी’.